‘जुळवून घ्या’ हा उपचार नव्हे

आपल्याकडे लग्नात काही बिनसलं की सगळ्या दुखण्यांवर एकच औषध मिळतं. जुळवून घ्या. ताप असो, खोकला असो, पोटदुखी असो, कंपाउंडर एकाच बाटलीतलं लाल औषध ओतून देणार, तसं. आई देते, मावशी देते, सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये देतात. आमच्या पिढीने त्याचं नुसतं नाव बदललंय. "यार, थोडं ॲडजस्ट कर ना." बाटली तीच.

माझं म्हणणं असं, की हा सल्लाच नाही. सल्ला म्हणजे काय करायचं ते सांगणं. ‘जुळवून घ्या’मध्ये काय जुळवायचं, किती, कधीपर्यंत, आणि जुळलं हे ओळखायचं कसं, यातलं काहीही नाही. कोणी जुळवायचं हेही सांगत नाहीत, पण ते सगळ्यांना न सांगताच कळतं. अशी रिक्वायरमेंट क्लायंटने पाठवली तर आपण दहा प्रश्नांचा मेल टाकू आणि मॅनेजरला सीसीत ठेवू. लग्नाच्या बाबतीत मात्र मान डोलावतो आणि घरी येतो.

दुसरं काही उपलब्धच नाही म्हणून हे चाललंय म्हणावं, तर तसंही नाही. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, हे नाव तुम्ही नैराश्याच्या किंवा चिंतेच्या संदर्भात ऐकलं असेल. ज्या जोडप्यांचं पटेनासं झालंय त्यांच्यासाठीही तिचं एक रूप आहे. चाळीसेक वर्षं वापरात आहे, तपासलं गेलंय, आणि त्याच्या मर्यादाही छापून आल्यात. मिक्सर घेताना तीन दिवस रिव्ह्यू वाचणारे आपण, याबद्दल दोन पानंसुद्धा वाचत नाही. आजचा लेख त्यावर. लांबलाय. चहा घेऊन बसा.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी आणि नवरा एका समुपदेशकांकडे गेलो होतो. आमचं काय बिनसलं होतं ते इथे लिहिणार नाही, ते आमच्या घरातलं. तिथे काय झालं ते मात्र लिहिते. पाऊण तासात नवऱ्याला तीन प्रश्न, मला अकरा. (मोजले. सवय.) माझ्या अकरातले चार स्वयंपाकाबद्दल. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "तुम्ही दोघं चांगल्या घरातले आहात. एक मूल होऊ द्या, आपोआप सगळं मार्गी लागेल." बाराशे रुपये. पावती नाही.

बरं, हे ‘आपोआप मार्गी लागणं’ कोणी तपासलंय का? तपासलंय. अमेरिकेत २१८ जोडप्यांचा लग्नानंतर आठ वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या मुलानंतर आई-बाप दोघांच्याही वैवाहिक समाधानात अचानक घसरण दिसली आणि ती पुढेही टिकली. म्हणजे मूल होऊ देऊ नका असं नाही. पण आधीच हलणाऱ्या भिंतीला टेकू म्हणून मूल लावायचं, आणि त्यासाठी फी घ्यायची, याला काय म्हणावं? प्रॉडक्शन सर्व्हर डुगडुगतोय, तर त्याच्यावर अजून लोड टाका, सवय होईल!

पुढे आम्ही शोधाशोध करून दुसरीकडे गेलो. तिथे पहिल्या दिवशी कोणीच सल्ला दिला नाही. दोघांना वेगवेगळे कागद भरायला दिले. मग एकदा दोघांना एकत्र बोलावलं, एकेकदा वेगवेगळं, आणि त्यानंतर थेरपिस्टने आमच्यासमोर मांडलं, की मला जे दिसतंय ते असं असं, तुम्हाला पटतंय का? पटत नसेल तर कुठे? मला तर हे ऐकून भरूनच आलं. रिक्वायरमेंट समजून घेणारा माणूस भेटला!

या कामासाठी सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या प्रश्नावल्यांपैकी एक १९७६ सालची आहे, स्पॅनियर यांची. ३२ प्रश्न. पैसे, नातेवाईक, घरकाम, जवळीक, किती वेळा भांडता, किती वेळा मनमोकळं हसता. नवरा-बायको आपापली भरतात. आपल्याकडे पत्रिकेतले ३६ गुण बघतात आणि १८ च्या वर जुळले की हॉल बुक करतात. ते ३६ जन्माच्या वेळेवरून ठरतात आणि एकदाच मोजतात. हे ३२ आज काय चाललंय त्यावरून ठरतात आणि दर काही महिन्यांनी पुन्हा मोजता येतात. गंमत म्हणजे या मोजपट्टीच्या नावातही ‘ॲडजस्टमेंट’ आहे. पण तिथे ॲडजस्टमेंट हे दोघांच्या नात्याचं मोजमाप आहे, एकाच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं नव्हे. सगळा फरक इथेच आहे.

आता थोडा इतिहास, पटकन.

सुरुवात फक्त वागण्यापासून झाली. १९६९ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी चार जोडप्यांवर एक प्रयोग केला. नवऱ्याने बायकोशी गप्पा मारल्या की त्याला टोकन, आणि ती टोकनं साठवून शारीरिक जवळिकीसाठी वापरायची. वाचून हसू येतं. आपल्याकडे एचआरने असं काही काढलं असतं तर लोकांनी दुसऱ्याच दिवशी स्क्रिप्ट लिहून टोकनं जमवली असती. पण त्यात एक शहाणपणाचा दाणा होता : ‘प्रेम कमी झालंय’ यावर कोणाला काही करता येत नाही, ‘रोज पंधरा मिनिटं बोलणं होत नाही’ यावर करता येतं. १९७९ मध्ये नील जेकबसन आणि गायला मार्गोलिन यांच्या पुस्तकाने या कामाला नीट शिस्त लावली. वागण्याची देवाणघेवाण, बोलण्याचं कौशल्य, प्रश्न सोडवण्याची पद्धत.

मग लक्षात आलं, की वागणं बदलूनही काही जोडपी तिथेच राहतात. नवरा फुलं आणतो, बायको म्हणते, "थेरपिस्टने सांगितलं म्हणून आणलीस." गुण शून्य. म्हणजे कृती बदलली तरी तिचा लावलेला अर्थ जुनाच राहतो. इथून विचारांचा भाग आला. ॲरन बेक यांनी १९८८ मध्ये सर्वसामान्यांसाठी ‘लव्ह इज नेव्हर इनफ’ लिहिलं. डोनाल्ड बॉकम आणि नॉर्मन एपस्टाइन यांनी पाच जागा दाखवल्या, जिथे नवरा-बायकोचे विचार घसरतात. त्या मला फार उपयोगी वाटतात, म्हणून एका काल्पनिक जोडप्यावर लावून बघू.

तो हिंजवडीला, ती खराडीला, फ्लॅट बाणेरला. (कोणाच्या सोयीने, ते नकाशा बघून ठरवा.) मंगळवार, रात्रीचे पावणेनऊ. ती दार उघडून आत येते. तो डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून, कानात इअरफोन. मान वर करत नाही. तिच्या मनात : मी आले काय आणि गेले काय, याला फरकच पडत नाही. तोंडातून निघतं, "तुझं काय, नेहमीचंच." त्याच्या मनात : आल्या आल्या सुरू, काहीही करा, हिला कमीच. तो लॅपटॉप उचलून बेडरूममध्ये जातो. ती मागोमाग, आवाज चढवून. तो दार लावतो. एक मागतो, दुसरा माघार घेतो. जितकी मागणी तितकी माघार, जितकी माघार तितकी मागणी. इन्फायनाइट लूप, आणि ब्रेक कंडिशन कोणी लिहिलेलीच नाही.

आता त्या पाच जागा. पहिली, काय दिसतं : लॅपटॉप दिसला, ओट्यावर त्याने लावून ठेवलेला कुकर दिसला नाही. दुसरी, कारण काय लावलं : मला उशीर झाला तर विद्यापीठ चौकातलं ट्रॅफिक, त्याने मान वर केली नाही तर बेपर्वाई. स्वतःच्या बाबतीत परिस्थिती, दुसऱ्याच्या बाबतीत स्वभाव. तिसरी, पुढचं भाकीत : बोलून उपयोग नाही, तो ऐकणारच नाही. चौथी, गृहीतक : पुरुष असेच असतात. बायका अशाच असतात. पाचवी, लग्नात काय असायला हवं याची प्रत्येकाच्या डोक्यातली नियमावली : घरी आलेल्या माणसाकडे बघून हसायला हवं. हा तिच्या घरचा नियम. त्याच्या घरी कोणी आलं तर वडील पेपर खालीसुद्धा घ्यायचे नाहीत, आणि त्यात कोणाला काही वाटायचं नाही.

थेरपिस्ट यातल्या कोणालाच ‘तुझा विचार चुकीचा’ म्हणत नाही. विचारते ते एवढंच, की पुरावा काय? दुसरं काही कारण असू शकेल? आणि ते तपासायचं कसं? मग आठवड्याचा गृहपाठ. कॉल चालू असेल तर टेबलवर लाल कोस्टर ठेवायचा. कॉल नसेल आणि ती आली तर लॅपटॉपचं झाकण खाली. दोघांनी रोज रात्री समोरच्याने केलेली एक चांगली गोष्ट लिहायची, एका ओळीत. पुढच्या वेळी कागद घेऊन यायचं. सात दिवसांत तो कोस्टर किती वेळा होता, झाकण किती वेळा खाली गेलं. आता ‘याला फरकच पडत नाही’ हे वाक्य हवेत राहत नाही, त्याच्याखाली डेटा येतो.

बोलायलाही शिकवतात, आणि हे ऐकून लोक हसतात. "बोलायला काय शिकायचं?" अहो, आपण बग रिपोर्ट लिहायला शिकलोच ना? ‘सिस्टीम चालत नाही’ असा बग कोणी टाकला तर आपण तो परत पाठवतो : काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, ते लिहा. घरी मात्र ‘तू नेहमीच असा’, ‘तू कधीच नाही’. नेहमीच आणि कधीच या दोन शब्दांवर ट्रॅफिक पोलिसांसारखा दंड बसवला पाहिजे. थेरपीत नियम साधे असतात. एका वेळी एक प्रसंग. मला काय वाटलं ते सांगायचं, तू कसा आहेस ते नाही. ऐकणाऱ्याने उत्तर देण्याआधी जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. आणि सुरुवातीलाच ठरवायचं, की आत्ता नुसतं मन मोकळं करायचंय की काही ठरवायचंय. निम्मी भांडणं बहुधा याच घोटाळ्यातून होतात. एकाला फक्त सांगायचं असतं, दुसरा दोन मिनिटांत तोडगा काढून मोकळा.

आता मुख्य मुद्दा. इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील. "म्हणजे शेवटी विचार बदलायचे! आम्ही तेच तर सांगतो. पॉझिटिव्ह राहा!"

नाही. शंभर वेळा नाही. सीबीटीचा हा अर्थ लावणं म्हणजे ‘जुळवून घ्या’ला इंग्रजी लेबल चिकटवणं. आणि दुर्दैवाने हे होतं. चार पुस्तकं चाळून ‘तुमचं कॉग्निटिव्ह डिस्टॉर्शन आहे’ असं समोरच्याला सुनावणारे नवरे (आणि बायका) मी पाहिलेत. पुरावा तपासा म्हटलं, की पुरावा दोन्ही बाजूंना जाऊ शकतो, हे मान्य करावं लागतं. तिने सांगितलं, "घरातलं सगळं माझ्यावर पडतं." तपासू. यादी करा, मिनिटं लिहा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या टाइम यूज सर्व्हेत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि पुरुष ९७. हे ९७ सुद्धा जे पुरुष मुळात घरकाम करतात त्यांचे. २०२४ च्या सर्व्हेत बायकांचे २८९ झाले. पुरुषांचे ८८. म्हणजे बायकांची दहा मिनिटं कमी झाली ती नवऱ्यांनी उचलली, असंही म्हणायची सोय नाही.

तर आपल्या काल्पनिक जोडप्याची यादी अशीच निघाली, त्यात तिचा खराडी-बाणेर प्रवास वेगळा, तर तिचा विचार ‘विकृत’ नाही, बरोबर आहे. मग बदलायचं ते वागणं, आणि त्याचं. भांडी कोण, भाजी कोण, कामवाल्या मावशी आल्या नाहीत तर सुट्टी कोण घेणार, सासूबाईंच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट कोणाच्या कॅलेंडरवर. कदाचित फ्लॅटसुद्धा. चांगला सीबीटी थेरपिस्ट इथे कच खात नाही. जो खातो, आणि खऱ्या तक्रारीवर ‘दृष्टिकोन बदला’ची मलमपट्टी करतो, तो उपचार करत नाही, तो फक्त आवाज बंद करतो. अलार्मची वायर काढली म्हणून आग विझत नाही.

आता ही पद्धत किती चालते तेही सांगते, नाहीतर मी पण जाहिरातच करतेय असं व्हायचं. सगळ्यात मोठ्या तपासण्यांपैकी एक अँड्र्यू ख्रिस्तेन्सेन आणि जेकबसन यांनी लॉस एंजेलिस आणि सिएटलमध्ये केली. १३४ जोडपी, सगळी दीर्घकाळ आणि गंभीर नाखूष. प्रत्येकाला जास्तीत जास्त २६ सेशन्स. निम्म्यांना जुनी वर्तनाधारित पद्धत, निम्म्यांना तिचंच नवं रूप, ज्यात बदलाबरोबर स्वीकारावरही भर होता. पाच वर्षांनी, २०१० साली छापलेले आकडे असे : दोन्ही गटांत साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये ठोस सुधारणा टिकलेली, आणि चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त विभक्त किंवा घटस्फोटित. १९९१ चा एक अभ्यास तर आणखी बोचरा. त्यात चार वर्षांनी निव्वळ वर्तनाधारित थेरपी घेतलेल्यांपैकी ३८ टक्के घटस्फोटित होते आणि भावनांच्या मुळाशी जाणारी थेरपी घेतलेल्यांपैकी ३ टक्के. त्यावर पुढे बरेच वाद झाले. पण नुसते वागण्याचे करार पुरत नाहीत, हा धडा या क्षेत्राने घेतला. आजची जोडप्यांची सीबीटी त्या धड्यानंतरची आहे. तिच्यात भावनांना जागा आहे आणि बाहेरच्या ताणांनाही.

निम्मं. फार वाटत नाही ना? पण ही निम्मी जोडपी कोणती ते बघा : ज्यांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. आणि हा आकडा सांगता येतो, कारण कोणीतरी पाच वर्षं मागे लागून मोजला. ‘जुळवून घ्या’चा आकडा काय? कोणी मोजलाय? जी जुळवून घेऊन चाळीस वर्षं एका छपराखाली न बोलता राहिली, ती यशस्वी धरायची की अयशस्वी? आपण त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करतो आणि फोटोत दोघांना जवळ सरकायला सांगतो.

आता नेहमीचे आक्षेप.

"आम्ही काय वेडे आहोत का?" नाही. दात किडण्याआधी डेंटिस्टकडे जाणाऱ्याला आपण दंतवेडा म्हणत नाही. इथे आजार माणसात शोधतच नाहीत, दोघांच्या मध्ये जे चक्र फिरतंय ते बघतात.

"हे अमेरिकन खूळ आहे, आपल्याकडे चालणार नाही." निम्मं बरोबर. त्या प्रयोगांमधली जोडपी तिकडचीच. आपल्याकडे लग्न दोघांचं नसतं, सासू-सासरे, नणंद, गावची शेती आणि गौरी-गणपतीची सुट्टी सगळं त्यात असतं. थेरपिस्टला हे कळत नसेल तर उपयोग नाही. पण मूळ विचार परका आहे म्हणाल तर मराठीत तो केव्हाच आलाय. सीबीटीच्या घराण्यातल्या अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून इथे रुजवली. अंजली जोशी यांनी एलिसवर ‘मी, अल्बर्ट एलिस’ ही मराठी कादंबरी लिहिली. ठाण्यातल्या आयपीएच संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी तो विचार घरोघरी पोचवला. याच एलिस यांनी १९६१ मध्ये हार्पर यांच्याबरोबर लग्नावरही पुस्तक लिहिलं होतं. ‘त्याने असं वागायलाच पाहिजे’मधला तो ‘च’ किती महागात पडतो, हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. कोणत्याही दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्या घरात उभं राहा.

"स्वभावाला औषध नाही." ही तर म्हणच आहे. १९८२ मध्ये आयडेल्सन आणि एपस्टाइन यांनी नात्याला घातक ठरणाऱ्या समजुतींची एक प्रश्नावली बनवली. त्यातल्या पाच समजुतींपैकी एक नेमकी हीच : जोडीदार बदलू शकत नाही. दुसरी, न सांगता त्याला किंवा तिला कळलं पाहिजे. (आपले निम्मे सिनेमे यावर उभे आहेत.) तिसरी, मतभेद म्हणजे नातं मोडल्याची खूण. या तिसरीवर मात्र आपल्याकडे उतारा आहे. भांड्याला भांडं लागायचंच. आजीची ही म्हण मी त्या सगळ्या ‘परफेक्ट कपल’ रील्सच्या वर ठेवते.

"घरातलं बाहेर कशाला सांगायचं?" घरातलं बाहेर आधीच आहे. तुमच्या बहिणीला माहीत आहे, त्याच्या मित्रांना माहीत आहे, कामवाल्या मावशींना तर तुमच्याआधी माहीत होतं. फक्त ज्याला काही करता येईल त्याला माहीत नाही.

आणि एक आक्षेप आपल्या वयाच्या लोकांचा. "एवढं कशाला? नाही पटलं तर सोडा." सोडायचा हक्क असलाच पाहिजे. थेरपीतून ‘आपण वेगळे होऊ’ असं शहाण्यासारखं ठरलं, तर तोही काही वाईट निकाल नव्हे. पण न तपासलेले विचार घेऊन एका लग्नातून बाहेर पडलं तर तेच विचार दुसऱ्यात बरोबर जातात. कोड तोच ठेवून नुसता सर्व्हर बदलल्यासारखं.

एक सीमा मात्र ठळक रेषेने आखते. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, पैसे-फोन-येणंजाणं यावर पहारा आहे, तिथे दोघांना शेजारी बसवून ‘मोकळं बोला’ म्हणणं हा उपचार नाही, धोका आहे. ती तिथे जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागेल. म्हणून चांगला थेरपिस्ट आधी दोघांना वेगवेगळं भेटतो आणि हे स्पष्ट विचारतो. तिथे आधी सुरक्षितता, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, १८१ ही महिला हेल्पलाइन. नात्याची दुरुस्ती हा तिथे पहिला प्रश्न नसतोच. आणि अशा बाईला जे ‘जुळवून घे’ म्हणतात, त्यांच्याशी माझं भांडण या लेखापुरतं नाही.

सगळं हाताबाहेर गेल्यावर आपण कुठे पोचतो? कौटुंबिक न्यायालयात. तिथे समुपदेशक असतात, १९८४ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे, आणि न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असंही त्यात म्हटलंय. हेतू चांगला. पण त्यांच्यासमोर फाइल येते तेव्हा दोन वकील, चार नातेवाईक आणि दागिन्यांची यादी मध्ये आलेली असते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्यानुसार आधी वर्षभर वेगळं राहणं आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबणं आहे. समेटाची शक्यताच उरली नसेल तर हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पण मुळात त्या सहा महिन्यांत कोणी कोणाला काय शिकवतं? डोकं थंड व्हायला वेळ दिला म्हणून बोलता येत नाही. पोहायला न येणाऱ्याला काठावर सहा महिने बसवलं तर तो पोहायला शिकत नाही.

मग करायचं काय? जायचं असेल तर लवकर जा, ‘रोजचं भांडण’ हे ‘रोजचं मौन’ होण्याआधी. आणि जाल तिथे थोडे प्रश्न विचारा. शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयची नोंदणी आहे का? जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? पद्धत कोणती, साधारण किती सेशन्स, आणि फरक पडतोय की नाही हे आपण कसं मोजणार? दोघांना वेगवेगळं भेटणार का? नोकराला मुलाखत द्यावी लागते तशी थेरपिस्टलाही. ज्याला प्रश्नांचा राग येतो त्याला नमस्कार करा आणि लिफ्टने खाली या. पहिल्या भेटीत ज्याने एकालाच नमतं घ्यायला सांगितलं, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका. तो थेरपिस्ट नाही, फी घेणारी मावशी आहे. आणि खरी मावशी फुकट सांगते, वर लाडू देते.

खर्चाचं म्हणाल, तर लग्नाच्या हॉलवर, डीजेवर आणि पन्हाळ्याला जाऊन केलेल्या प्री-वेडिंग शूटवर आपण काय उधळलं ते आठवा. एका दिवसाच्या समारंभाला बजेट असतं, त्यानंतरच्या चाळीस वर्षांच्या मेंटेनन्सला नसतं. असा प्रोजेक्ट प्लॅन रिव्ह्यूत पास होईल?

लग्नात जुळवून घ्यावं लागतंच, हे मला कोणी सांगायला नको. पण कोणी, काय, किती आणि कशासाठी, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचं असतं. एकाने गप्प बसून नव्हे. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला ‘जुळवून घ्या’ म्हणालं, तर नम्रपणे एकच प्रश्न विचारा : "म्हणजे नेमकं काय करू? आणि तो काय करणार?"

उत्तर आलं तर मला जरूर कळवा.

ता.क. ज्यांना आत्ता, आजच कोणाशी तरी बोलायचंय त्यांच्यासाठी : १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ती जोडप्यांची थेरपी नव्हे, पण पहिलं दार म्हणून ठीक आहे.